संघटनेची पोर

मार्ला टॅकेट शिकून डॉक्टर झाली आणि आमच्याच खोऱ्यातल्या हॉस्पिटलात परत आली, याचं इथल्या लोकांना फार कौतुक आहे. चर्चमध्ये तिचं नाव घेतलं जातं. आमच्याकडची हुशार पोरं सेंट लुईसला नाहीतर कॅन्सस सिटीला जातात आणि वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, टर्की खायला उगवतात. ही मात्र गावाला विसरली नाही, असं बायका एकमेकींना सांगतात. लोकांना जे गोड लागतं ते ते गिळतात. मार्ला परत आली ती काही गावाच्या ओढीने नव्हे.

तिची आई वँडा शाळेच्या स्वयंपाकघरात होती, बाप डॉइल लाकडाच्या सॉ मिलमध्ये. मार्ला आठवीत असताना वँडाची मान धरली. मोठाली पातेली उचलून उचलून ती अशी आखडली होती की गाडी मागे घ्यायची तर अख्खं अंग वळवावं लागे. डॉ. एल्डन लॅथ्रप यांनी तिला टेबलावर उताणं झोपवलं, डोक्याखाली दोन्ही हात घातले आणि बराच वेळ काहीच केलं नाही. नुसते थांबले. मग केव्हातरी मान हलकेच वळवली, आणि वँडाला रडूच फुटलं, कारण दुखणं गेलं होतं. घरी येताना ट्रकमध्ये मार्ला म्हणाली की मला हे शिकायचंय. वँडाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आमच्याकडच्या आया पोरांच्या असल्या बोलण्यावर विश्वास ठेवू लागल्या तर त्यांना झोप लागायची नाही.

लॅथ्रप यांच्या नावापुढे नेहमीच्या डॉक्टरांचं एम.डी. नव्हतं, डी.ओ. होतं. म्हणजे ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर. औषधं, इंजेक्शनं, ऑपरेशनं सगळं इतर डॉक्टरांसारखंच, शिवाय हातांनी मान-पाठ-बरगड्या मोकळ्या करायची विद्या. हे शास्त्र आमच्या मिसूरीतच जन्मलं, त्यामुळे आम्हाला त्याचा अभिमान आहे. आणि कुठेतरी आत कमीपणाचं कुसळही आहे. शहरातला एखादा जावई जेवणाच्या टेबलाशी बसून विचारतो, ‘म्हणजे खरे डॉक्टर ना हे?’, आणि सगळ्यांचं जेवण कडू होतं. डॉक लॅथ्रप यांनी या कुसळावरच आपलं राजकारण उभं केलं होतं. ते ऑस्टिओपॅथीवाल्यांच्या राज्य संघटनेचे एकेकाळचे अध्यक्ष, आणि अध्यक्षपद सुटल्यावरही त्यांना विचारल्याशिवाय तिथे पान हलत नसे. आमच्या हॉस्पिटलात ते सर्वेसर्वा होतेच.

मार्ला ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात गेली. पहिल्याच आठवड्यात आवारात संघटनेच्या विद्यार्थी शाखेचं टेबल लागलं, पिझ्झाचे डबे उघडले गेले, आणि वर्गातल्या सगळ्यांनी एका हातात पिझ्झा धरून दुसऱ्या हाताने सभासदत्वावर सह्या ठोकल्या. सह्या केल्या आणि विसरून गेले. मार्ला विसरली नाही. तिला पहिल्यांदाच कुणीतरी ‘आपली’ म्हणत होतं. वर्षभरात ती शाखेची सचिव झाली, दुसऱ्या वर्षी अध्यक्ष. तिच्या जुनाट गाडीच्या डिकीत घडीचं टेबल, संघटनेचा फलक आणि कागदी ताटल्यांचा गठ्ठा कायम असायचा. नव्या पोरांची नावं तिला तोंडपाठ असत. राज्याच्या कार्यकारिणीत विद्यार्थ्यांसाठी एक खुर्ची होती, बोलायचा हक्क असलेली, मत द्यायचा नसलेली, आणि त्या खुर्चीवर ती ताठ बसायची. वँडा एकदा म्हणालीच, “ते तुला खुर्ची देतात की खुर्च्या मांडायला लावतात, एवढं बघून घे.” मार्लाला राग आला. राग येण्याचं कारण असं की मांडायला लावतच होते.

वर्गात तिचा एकच खरा मित्र होता, कोय हॅम्रिक. वयाने मोठा, लग्न झालेला. आधी कितीतरी वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलेला. त्याच्या काउंटीत, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, एकही सर्जन नव्हता. ट्रॅक्टरखाली सापडलेली माणसं घेऊन तो डोंगरातल्या वळणांवरून तास तासभर गाडी हाकायचा, आणि त्यातली काही वाटेतच जायची. त्याला सर्जन होऊन तिथेच बसायचं होतं. यापलीकडे त्याला दुसरी हौस नव्हती. बायको लेटी वृद्धाश्रमात कामाला होती, दोघं कॉलेजजवळ एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत. मार्लाचा बाप डॉइल याची बोटं करवतीखाली गेली तेव्हा कोयनेच तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं, बर्फातून, आणि डॉइलला शुद्ध येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिला. त्या दिवसानंतर मार्ला लेटीच्या टेबलावर घरच्यासारखी जेवायला लागली.

आता परीक्षेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं. आमच्याकडे डिग्री हातात आली म्हणून कुणी डॉक्टरकी करू शकत नाही. त्यानंतर काही वर्षं एखाद्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून राबावं लागतं, आणि त्या जागा शेवटच्या वर्षी मार्चमध्ये वाटल्या जातात. पूर्वी आमच्या लोकांच्या जागा वेगळ्या होत्या, एम.डी.वाल्यांच्या वेगळ्या. मग वरच्या लोकांनी ठरवलं की सगळ्या जागा एकाच टोपलीत टाकायच्या. आमच्या लोकांची परीक्षा वेगळी होती, ती द्यावीच लागे. एम.डी.वाल्यांची परीक्षा आमच्या पोरांना हवी तर देता येई, नको तर नाही. टोपली एक झाल्यावर कुजबुज सुरू झाली की मोठी हॉस्पिटलं आमच्या परीक्षेचे गुण बघणारच नाहीत, दोन्ही दिलेल्या बऱ्या.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात डॉक लॅथ्रप कॉलेजात आले. मार्लाला त्यांनी कँटीनमध्ये समोर बसवलं, स्वतः उठून तिच्यासाठी कॉफी आणली. एवढ्याने ती निम्मी विरघळली. ते म्हणाले की आपल्याच पोरांनी जाऊन त्यांची परीक्षा दिली तर जग म्हणेल, यांच्या परीक्षेत काही दम नाही. आपल्या घरच्या मक्याच्या पावाला आपणच नाकं मुरडायची आणि शेजाऱ्याने खावा म्हणायचं, हे कसं चालेल? संघटना सगळ्या हॉस्पिटलांशी बोलते आहे, गुण ग्राह्य धरले जाणारच, फक्त पोरांनी फुटू नये. “माझं कुणी ऐकत नाही आता,” ते म्हणाले. “तुझं ऐकतात. तू संघटनेची पोर आहेस.”

त्याच आठवड्यात मार्लाने शाखेची सभा घेतली. पिझ्झा होताच. ती खुर्चीवर चढून उभी राहिली आणि बोलली, आणि खरोखर चांगलं बोलली. आईच्या मानेची गोष्ट सांगितली. शहरातल्या जावयाची सांगितली. मग म्हणाली की जे फक्त आपलीच परीक्षा देणार त्यांनी हात वर करा. मागच्या भिंतीपाशी डॉक लॅथ्रप हाताची घडी घालून उभे होते. अख्ख्या वर्गाचे हात वर गेले. मार्लाच्या डोळ्यांत पाणी आलं.

सभा संपल्यावर कोयने तिला गाडीपाशी गाठलं. त्याने एम.डी.वाल्यांच्या परीक्षेसाठी नाव घातलं होतं, जूनमधली तारीखही घेतली होती. तो सभांमधल्या भाषणांनी हलणारा माणूस नव्हता.

“ते हात वर करणं वगैरे ठीक आहे,” तो म्हणाला. “मला सर्जरीत जायचंय. तू मला नीट सांग. देऊ की नको?”

“नको देऊ.”

“तुला खात्री आहे?”

“डॉकनी स्वतः सांगितलंय, कोय. गुण धरणार आहेत. आणि तूच दिलीस तर मी बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?”

“तू म्हणतेस तर नाही देत,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने तारीख रद्द केली. मार्लाने अर्थातच स्वतःही दिली नाही. यात तिचा काडीचाही लबाडपणा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात होता.

तिसरं वर्ष हॉस्पिटलांच्या फेऱ्यांत गेलं. चौथं लागलं, सप्टेंबरात सगळ्यांनी जागांसाठी अर्ज केले. मार्लाने आमच्या हॉस्पिटलासकट बऱ्याच ठिकाणी फॅमिली डॉक्टरीचे केले. कोयने फक्त सर्जरीचे केले. मग मुलाखतीची बोलावणी यायला लागली. म्हणजे इतरांना यायला लागली.

ऑक्टोबरात संघटनेचं वार्षिक अधिवेशन तळ्याकाठच्या हॉटेलात भरलं. या अधिवेशनात आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. विद्यार्थी शाखा एका दालनात घडीची टेबलं मांडते, आणि दिवसभर खुर्च्यांत बसून ठराव करकरून आखडलेले डॉक्टर तिथे येऊन पालथे पडतात. पोरं त्यांच्या पाठी मोकळ्या करतात. सगळे त्याला ‘पाठीची खोली’ म्हणतात. पोरांना ज्येष्ठांची ओळख होते, ज्येष्ठांना फुकटात आराम मिळतो. टेबलाला तोंडाच्या जागी भोक असतं, त्यात चेहरा घातला की माणसाला फक्त गालिचा दिसतो. आपल्या पाठीवर कुणाचे हात आहेत हे कळत नाही, आणि थोड्या वेळाने त्याचं भानही राहत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर माणसं जशी सैल बोलतात तशी तिथे बोलतात.

मार्ला खोलीची प्रमुख होती. दुपारच्या चहाच्या सुमारास तिच्याकडची एक पोर दमली म्हणून तिने तिला सोडलं आणि स्वतः टेबलापाशी उभी राहिली. टेबलावर आधीच एक पाठ पालथी पडलेली होती. पांढऱ्या मानेवरून तिने ओळखलं, डॉक लॅथ्रप होते. हाक मारणार तोच ते बोलायला लागले. शेजारच्या टेबलावर त्यांचे जुने स्नेही डॉ. गिब पालथे होते, आणि त्यांनी लॅथ्रप यांच्या नातीची चौकशी केली होती. ती दुसऱ्या राज्यातल्या आमच्याच प्रकारच्या कॉलेजात होती, मार्लाच्याच वर्षाला.

“शिकागोचं बोलावणं आलंय तिला,” लॅथ्रप म्हणाले. “त्वचारोगाचं. येणारच होतं, दोन्ही परीक्षा दिल्यात ना तिने.”

“दोन्ही?”

“मग? मीच द्यायला लावल्या. लांबच्या रस्त्याला गाडी काढायची आणि स्टेपनी नको?”

गिब टेबलाच्या भोकातून हसले. “आणि कॉलेजात जाऊन पोरांना उलटं सांगून येतोस.”

“त्यांना तेच सांगायला हवं. सगळी तिकडे पळाली तर आपल्या परीक्षेला विचारणार कोण? थोडी पोरं आपल्या बाजूला उभी दिसली म्हणजे काम होतं. आणि ती काय, इथल्याच दऱ्याखोऱ्यात औषधं लिहिणारी. त्यांना एक परीक्षा बास आहे.”

मार्लाचे अंगठे त्यांच्या कमरेच्या वर होते. खोटं बोलणाऱ्याचं अंग आखडतं असं म्हणतात. ही पाठ तिच्या हाताखाली लोण्यासारखी मऊ पडत चालली होती. म्हातारा खोटं बोलत नव्हता आणि त्याला काही लागतही नव्हतं. तिचे हात शिकवल्याप्रमाणे चालत राहिले, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

“कुणाचे हात गं हे?” लॅथ्रप यांनी मध्येच विचारलं. “छान आहेत.”

“मार्लाचे, डॉक.”

गिब यांच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. लॅथ्रप उठले नाहीत की मान वर केली नाही.

“उजव्या खांद्याकडे घे जरा,” ते म्हणाले. आणि मग, “तुझी तू काळजी करू नकोस, पोरी. तुझी जागा आपल्याकडे ठेवलीय मी. तू घरचीच.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे कोण?”

इथे कोयचं नाव घ्यायचं होतं. एक नाव, बस. ते घेतलं असतं तर लॅथ्रप यांनी कदाचित त्याच्यासाठीही कुठे शब्द टाकला असता, कदाचित मार्लाची जागाही गेली असती. काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण तिने नाव घेतलं नाही. ती उजव्या खांद्याकडे वळली आणि खांदा मोकळा करून दिला.

संध्याकाळी मेजवानीत तिला वर्षातला उत्कृष्ट विद्यार्थी नेता म्हणून लाकडी पाटी मिळाली. भाषण लिहून आणलं होतं, त्यात आपल्या परीक्षेवर एक अख्खा परिच्छेद होता. तो तिने गाळला. आपण मोठं धाडस केलं असं त्या क्षणी तिला वाटलं. गाळलेला परिच्छेद कुणाला ऐकू येतो? लॅथ्रप सगळ्यांत आधी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परत आल्यावर तिच्या मनाने घेतलं की वर्गाला तरी सांगायला हवं. आपण सगळ्यांना बुडवलं, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. तिने आधी पेज व्हँडिव्हर या वर्गमैत्रिणीला गाठलं आणि घडलेलं सगळं सांगून टाकलं. पेज ऐकत राहिली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मार्लाला फार दिवस विसरता आलं नाही. ती कीव होती.

“म्हणजे तू खरंच नाही दिलीस?” पेज म्हणाली.

“तू दिलीस?”

“अगं, सगळ्यांनी दिली. दुसऱ्या वर्षीच, जूनमध्ये.”

“मग हात कशाला वर केले होते?”

“तू खुर्चीवर उभी. मागे तो म्हातारा उभा. हात वर करायला काय जातंय?” मग पेजला काहीतरी आठवलं. “कोयने दिलीय ना? तो शहाणा आहे.”

माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून मार्ला तीन वर्षं मरमर मरली. ज्यांनी ठेवला नाही ते सगळे तरले. ज्याने ठेवला तो एकटा बुडत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. यावर हसावं की रडावं हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मार्ला रडली. पण रडून झाल्यावर ती उठून कोयच्या ट्रेलरकडे गेली नाही.

कोयच तिच्याकडे आला, ऑक्टोबर संपायच्या आत. लायब्ररीबाहेरच्या बाकावर बसला. त्याला अजून एकही बोलावणं आलं नव्हतं. तो कंटाळल्यासारखा हसला आणि म्हणाला की सर्जरीवाल्यांना माझं तोंड आवडत नसावं. मग त्याने सरळ विचारलं.

“फॅमिली डॉक्टरीचे अर्ज टाकू का थोडे? अजून घेतात म्हणे. सर्जरी नाही तर नाही, निदान डॉक्टर तरी होईन. की थांबू? तुझ्याकडे सगळ्या बातम्या असतात.”

आता बघा. खरं बोलायचं तर त्याला ‘टाक, आजच टाक’ म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की तो ‘का’ विचारणार. का ते सांगितलं की कोय हॅम्रिक घरी जाऊन उशीत डोकं खुपसणारा माणूस नव्हता. तो गाडीत बसून सरळ आमच्या हॉस्पिटलात आला असता, आणि भर व्हरांड्यात, नर्सेससमोर, डॉक लॅथ्रपना जाब विचारला असता. तुला कुणी सांगितलं, असं लॅथ्रप यांनी विचारलं असतं, आणि उत्तर एकच होतं. मार्लाची ठेवलेली जागा त्या दुपारीच दुसऱ्या कुणाची झाली असती. हे सगळं तिने मनात ठरवून मांडलं असं नाही. एवढं मांडायला माणसाला वेळ लागत नाही.

“थांब थोडा,” ती म्हणाली. “येतील.”

“तू म्हणतेस तर थांबतो,” कोय म्हणाला आणि लेटीने दिलेला अ‍ॅपल पाय तिच्या हातात ठेवून गेला.

तिने स्वतःला सांगितलं की थँक्सगिव्हिंगनंतर सांगू. मग नाताळ आला, कोयला एका लहानशा हॉस्पिटलाचं बोलावणं आलं, आणि तिला एवढा आनंद झाला की तिने ती खूणच मानली, आता सांगायची गरज नाही. जानेवारीत त्याला आणखी काही आलं नाही. फेब्रुवारीत सांगून उपयोग उरला नव्हता, आणि उपयोग उरला नाही याचं तिला बरंही वाटलं. माणूस स्वतःपाशी इतका हलकट होऊ शकतो. त्यासाठी वाईट असावं लागत नाही, नुसतं भ्यालेलं असलं तरी पुरतं.

मार्चमधल्या सोमवारी सगळ्यांना कळतं, जागा मिळाली की नाही. कुठे मिळाली ते शुक्रवारी, सभागृहात, पाकीट उघडून, आईबापांसमोर. सोमवारी मार्लाला मिळाली, पेजला मिळाली, कोयला नाही. आठवडाभर उरल्यासुरल्या जागांसाठी त्याने फोन लावले, अर्ज केले. उरलेल्या जागा थोड्या आणि मागणारे फार होते. ज्याने सप्टेंबरपासून फक्त सर्जरी मागितली, तो मार्चमध्ये येऊन फॅमिली डॉक्टरी द्या म्हणतो, अशाला कोण उभं करणार? गुरुवारी तेही संपलं.

शुक्रवारी सभागृहात वँडा आणि डॉइल आले होते, डॉइल चर्चचा कोट घालून. मार्लाने पाकीट उघडलं. आमचंच हॉस्पिटल. वँडा टाळ्या वाजवून थकली. डॉक लॅथ्रप यांचा अभिनंदनाचा फोन पाकीट हातात असतानाच आला. मार्लाने आईबापांना जेवायला पुढे पाठवलं आणि ती कोयकडे गेली.

तो ट्रेलरच्या दाराची सैल झालेली पायरी ठोकत होता. तिला बघून हातोडा थांबवला आणि “मिळालं ना तुमचं हॉस्पिटल? बरं झालं,” म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मार्लाने उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. पाठीची खोली, नात, दोन्ही परीक्षा. पेजने काय सांगितलं. आपण कशा फसलो, आपल्याला किती वाईट वाटतंय. वाटेत गाडीत तिने हे सगळं जुळवून ठेवलं होतं आणि ते बरंच लांब होतं. कोयने मध्ये एकदाही तोडलं नाही.

ती संपल्यावर तो म्हणाला, “परीक्षेचं सोड. तेव्हा तुलाही खरंच तसं वाटत होतं. तूही नाही दिलीस. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही.”

मार्लाचा श्वास सुटला.

“ही पाठीची खोली केव्हा झाली?” त्याने विचारलं.

“अधिवेशनात.”

“ऑक्टोबरात म्हणजे.”

“हो.”

“मी लायब्ररीपाशी येऊन विचारलं, थांबू का अर्ज टाकू, त्याच्या आधी की नंतर?”

कोयने वाट पाहिली. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना वाट पाहता येते.

“आधी,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. मग खाली वाकून उरलेला खिळा ठोकला, पायरीवर पाय देऊन ती पक्की झाली का बघितलं.

“लेटी येईल एवढ्यात कामावरून,” तो म्हणाला. “ती यायच्या आत गेलीस तर बरं. तुझ्या जागेसाठी म्हणून तिने सकाळी केक केलाय. ती तुला खाऊ घालेल, आणि मला ते बघवणार नाही.”

पुढच्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज केले. एकदा राहिलेल्या माणसाकडे हॉस्पिटलं वापरलेल्या गाडीकडे बघावं तशी बघतात, कुठे काय ठोकलंय ते शोधत. त्याला कुणी घेतलं नाही. तो परत अ‍ॅम्ब्युलन्सवर गेला. डिग्री त्याच्याकडे आहे, पण ती घेऊन औषधाची एक चिठ्ठी लिहायची त्याला मुभा नाही. त्याच्या काउंटीत अजून सर्जन नाही. मार्ला आमच्या हॉस्पिटलात शिकाऊ म्हणून लागली, डॉक लॅथ्रपच्या मर्जीतली, आणि पहिल्याच वर्षी संघटनेच्या कार्यकारिणीवर आली. आता तिला मत आहे. नव्या पोरांसमोर भाषण करायला बोलावतात तेव्हा ती जाते, आणि परीक्षेबद्दल कुणी विचारलंच तर ‘तुमच्या सल्लागाराशी बोला’ म्हणते.

कोयची गाडी आठवड्यातून दोनचार वेळा आमच्याच हॉस्पिटलाच्या दाराशी लागते, कारण जवळचं हेच. तो स्ट्रेचर आत आणतो आणि समोर जो डॉक्टर असेल त्याला सांगतो, पेशंट कुठे सापडला, काय दुखतंय, वाटेत काय दिलं. परवा मार्ला समोर होती. तिने पेशंटचा हात हातात घेतला आणि कोयकडे न बघता हळूच विचारलं, “लेटी कशी आहे?”

“यांना दम्याचा त्रास आहे, डॉक्टर,” कोय म्हणाला. “आधी ते बघा.”